सेन्सरवर बसलेला भंडारा आणि सेन्सर स्वॉब टाइप २

सासवडला माझा स्टुडिओ आहे. लग्नसराईत महिन्यातून तीन-चारदा तरी नव्या जोडप्याबरोबर जेजुरीला जाणं होतं. नवरदेव नवरीला उचलून गडाच्या पायऱ्या चढतो, मागून मामा-काका ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत भंडारा उधळतात. त्या पिवळ्या धुरळ्यातून ऊन आरपार येतं तेव्हा जो फोटो मिळतो, तसा मांडवात कधी मिळत नाही. मला तो क्षण फार प्रिय आहे.

पण भंडारा म्हणजे हळद. पिठासारखी बारीक आणि चिकट. गेल्या मे महिन्यात पायऱ्यांवरच मला लेन्स बदलावी लागली. ओढणीच्या आडोशाला, पाठ वाऱ्याकडे करून, जेमतेम पाच सेकंदांत बदलली. तेवढ्यात वरच्या पायरीवरून कुणीतरी ओंजळ उधळली. रात्री कॉम्प्युटरवर बघितलं, तर दीपमाळेमागच्या आभाळात चौदा ठिपके! अडतीस फोटो, प्रत्येकात चौदा, सगळे त्याच जागी. पहाटे तीनपर्यंत एकेक ठिपका पुसत बसले.

ठिपके सगळ्या फोटोंत दिसत नाहीत, म्हणून पुष्कळांना आपला सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग, मळलाय हेच कळत नाही. धूळ खरं तर सेन्सरच्या पुढच्या काचेवर, म्हणजे फिल्टरवर बसते. एफ/२.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडं असताना, प्रकाश चहूबाजूंनी येतो आणि कणाची सावली विरून जाते. एफ/१६, एफ/२२ ला छिद्र बारीक होतं, प्रकाशाची वाट अरुंद होते आणि सावली ठसठशीत पडते. त्यामुळे तपासायचं झालं तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ/२२, फोकस मुद्दाम बिघडवायचा आणि मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढायचा. फोटोत डाग वर डावीकडे असेल, तर कॅमेरा आपल्याकडे तोंड करून धरल्यावर तो खाली डावीकडे शोधायचा. वर-खाली उलटतं, डावं-उजवं तेच राहतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, चुकीचा कोपरा पुसून झाल्यावर समजलं.

माझा कॅमेरा निकॉन डी७२००. त्यात सेन्सर थरथरवून धूळ झटकण्याची सोय आहे, ती करून पाहिली. मग ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारा रबरी फुगा. माझ्याकडे जिओटोजचा रॉकेट आहे. तो हवा मागच्या व्हॉल्व्हमधून घेतो, त्यामुळे पुढच्या नळीने ओढलेली धूळच परत आत फुंकली जात नाही. कॅमेरा तोंड खाली करून धरला आणि दहा-बारा फुंकर मारल्या. चौदाचे नऊ झाले. उरलेले नऊ ढिम्म हलेनात. साधी धूळ ब्लोअरने जाते, हळद चिकटून बसते.

याआधी एकदा शहरातल्या एका दुकानात सेन्सर साफ करायला दिला होता. ठिपके गेले, पण कडेला पुसल्याचा फराटा राहिला. परत घेऊन गेले तर म्हणाले, “ताई, एवढं चालतं.” मला चालत नाही. ज्या घरात आयुष्यात एकदा लग्न होतं, त्यांच्या आभाळात फराटा का असावा?

म्हणून या वेळी फोटोग्राफिक सोल्युशन्स कंपनीचे सेन्सर स्वॉब (सेन्सर पुसायच्या चपट्या, कापड लावलेल्या काड्या), टाइप २ आणि त्यांचंच एक्लिप्स हे सफाईचं द्रावण घेतलं. टाइप २ हा माझ्या कॅमेऱ्यासारख्या क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरसाठी. सेन्सरची उंची साधारण १६ मिलिमीटर आणि स्वॉबची रुंदी तेवढीच, म्हणजे एका हातात अख्खी उंची पुसली जाते. फुल फ्रेमवाल्यांनी (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) टाइप ३ घ्यायचा. डब्यात बारा स्वॉब, प्रत्येक वेगळ्या पाकिटात बंद.

आता प्रत्यक्ष काम. बॅटरी पूर्ण चार्ज केली, कारण सेन्सरसमोरचा आरसा वर असताना बॅटरी संपली तर तो स्वॉबवरच येऊन आदळायचा. पंखा बंद, खिडकी उघडी. एक्लिप्स म्हणजे मिथेनॉल, विषारी आणि चटकन पेट घेणारं. घरात लहान मुलं असतील तर बाटली कुलपात ठेवा, गॅसच्या आसपास तर नकोच. मेन्यूतून सफाईसाठी आरसा वर केला. स्वॉबच्या कडेवर दोन थेंब टाकले, पाच-सात सेकंद मुरू दिले. डावीकडे टेकवला, वहीत पेनाने लिहिताना पडतो तेवढाच दाब देऊन एका दमात उजवीकडे नेला. न उचलता कलता केला आणि दुसऱ्या बाजूने परत डावीकडे.

बाहेर काढून दिव्याखाली धरला. पांढऱ्या कापडाच्या कडेला नखाएवढी पिवळी रेघ होती. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, मिथेनॉलमध्ये विरघळतो, म्हणून तो असा उतरला. कापडाचा एक धागाही मागे सुटला नव्हता. पुन्हा आभाळाचा फोटो काढला, नवातले दोन राहिले होते. दुसरा नवा स्वॉब घेतला आणि तेही गेले. फराटा नाही, ओल नाही, द्रावण बघता बघता उडून जातं.

एकदा वापरलेला स्वॉब परत वापरायचा नाही. महाग आहे म्हणून मोह होतो, पण त्याच्या कडेला अडकलेला वाळूचा एक कण काचेवर कायमची रेघ ओढू शकतो. याच भीतीने आधी ब्लोअर मारल्याशिवाय मी काचेला काही लावत नाही. कॉम्प्रेस्ड हवेचा डबा आणि तोंडाची फुंकर, दोन्ही वर्ज्य. डब्यातला थंड फवारा आणि आपली थुंकी दोन्ही काचेवर बसतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत फिल्टर पुसू नका, सर्व्हिस सेंटरला द्या, असंच लिहिलंय. हात थरथरत असेल, किंवा सेन्सरच हलता, म्हणजे बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा सावरण्याची सोय) असलेला कॅमेरा असेल, तर ते ऐकावं. मी घरी करते कारण सीझनमध्ये कॅमेरा आठवडाभर देऊन बसणं मला परवडत नाही. आभाळात एखाद-दुसरा ठिपका असेल तर स्वॉबचं पाकीट फोडूही नका, ब्लोअर आणि थोडं एडिटिंग पुरतं.

मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा किमतीपायी कापला, कारण वर्षाकाठी दोन डबे लागतात. बारापैकी सहा उरलेत. जेजुरीच्या पायऱ्यांवर आता लेन्स बदलत नाही, धाकट्या भावाच्या गळ्यात दुसरी बॉडी देते. पण चंपाषष्ठीच्या आठवड्यात दोन स्वॉब बॅगेत असतात.