मनपाचा दवाखाना: आधी दीड स्टार, आता साडेतीन

दवाखान्याचं नाव टाकत नाही, सिस्टर लोकं चांगले आहेत आणि शेवटी सगळं त्यांच्यावरच निघतं. नागपुरातल्या एका वस्तीतला मनपाचा दवाखाना, एवढं समजून घ्या. आईची बीपी-शुगर तिथंच चालू आहे. मागच्या वर्षीपर्यंत ओपीडी दुपारीच आटपायची, कामावर जाणारा माणूस जाईल कधी, अन् गोळ्या मागितल्या की ठरलेलं उत्तर, "बाहेरून घ्या". मग मेडिकल नाहीतर मेयो, म्हणजे नागपुरातली दोन मोठी सरकारी कॉलेजवाली हॉस्पिटलं, ऑटोचे पैसे वेगळे अन् लाइनमध्ये अर्धा दिवस. तिथंही लोकं भांडतात की १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी उपचार फुकट झाले ना, तर बाप्पा ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांसाठी, मेडिकल-मेयो वैद्यकीय शिक्षणवाल्यांकडे येतात. कोणाच्या दारात बसायचं हे पहिले माहीत पाहिजे.

आमचं दार मनपाच्या झोन ऑफिसचं. ४ अर्ज दिले, एकाचंही उत्तर नाही. मग वस्तीतल्या बायका गोळ्यांच्या रिकाम्या पत्त्यांची माळ करून तिथं जाऊन बसल्या, तेही मे महिन्यात, ऊन माहीतच आहे राजेहो. खरं सांगतो, मला वाटलं फोटो काढून घरी येतील. तर साहेब म्हणे तुमची महिला आरोग्य समिती आहे ना, तिच्यातून मांडा. शहरी आरोग्य अभियानात ५०-१०० घरांमागे अशी समिती असते, वर्षाला ५ हजारांचा निधी असतो, आम्हाला पत्ताच नाही. यादी मागितली तर त्यात माझी मावशी मेंबर! अन् मावशी तिथंच धरण्यावर बसून. म्हणे, आधारची झेरॉक्स नेली होती बा कोणीतरी, मला वाटलं गॅसचं काही असेल.

आता आठवड्यातून ३ दिवस संध्याकाळची ओपीडी आहे, ॲम्लोडिपिन-मेटफॉर्मिन महिनाभराची मिळून राहिली, कोणती गोळी संपली ते बाहेर फळ्यावर लिहितात. धरणं देऊन काय होते म्हणणाऱ्यांनी आशाताईंना विचारा, २०२३ च्या शेवटी संपावर गेल्या, परत बसल्या, तेव्हा कुठं मार्च २०२४ मध्ये महिन्याला ५ हजार वाढीचा जीआर निघाला.

दीड स्टार कापले. एक, रक्ततपासणीचा रिपोर्ट अजूनही कधी येईल सांगता येत नाही. अर्धा बीपीच्या मशीनसाठी, सिस्टर म्हणते सेल संपले, मावशी म्हणते ५ हजारात किती सेल येतात ते मी बैठकीत विचारते.