ऐच्छिक विषय म्हणून कायद्याचा इतिहास: सत्र संपल्यानंतरचा अनुभव

ऐच्छिक विषयांचा फॉर्म आला की लॉ कॉलेजात चर्चा एकच, मार्क कशात पडतात आणि नोट्स कशाच्या मिळतात. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे सक्तीच्या पेपरांबरोबर किमान सहा ऐच्छिक पेपर घ्यावे लागतात. आमच्या बॅचचा ओढा सायबर, बँकिंग आणि आयपीआरकडे (बौद्धिक संपदा कायद्याकडे) होता. मी कायद्याचा इतिहास घेतला. सत्र संपून बरेच महिने झालेत आणि आता मी धुळ्याला सीनियर वकिलांच्या हाताखाली काम करते. या विषयाबद्दल ज्युनियर मुलंमुली विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीचे आठवडे कंटाळवाणे जातात. १७२६ ची मेयर्स कोर्टं, १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट, वॉरन हेस्टिंग्जच्या अदालती, १८६२ ची हायकोर्टं. सगळं कलकत्त्याभोवती फिरतं आणि वर्गात जुन्या नोट्स उतरवून घ्यायच्या. तेवढ्यावर थांबलात तर हा विषय घेऊच नका.

आपल्या भागाचा कायदा सुरू होतो तो १८१८ नंतर, खानदेश कंपनीकडे गेल्यावर. १८२७ च्या एल्फिन्स्टन कोडमधलं (मुंबई इलाख्याच्या कायदेसंहितेतलं) चौथं रेग्युलेशन, कलम २६, मूळ मजकुरातून वाचा. पार्लमेंटचा कायदा किंवा सरकारचं रेग्युलेशन नसेल तर आधी देशरिवाज बघायचा, तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा (हिंदू असेल तर धर्मशास्त्र), आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सद्सद्विवेक. म्हणजे धर्मशास्त्राच्या आधी रूढी! मुंबई इलाख्यातल्या जुन्या निवाड्यांत रूढीला एवढं वजन का, हे त्या एका कलमाने कळलं.

त्याचा उपयोग आज होतो. हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम २(२) मुळे अनुसूचित जमातींना लागू नाही, केंद्राने अधिसूचना काढली तरच होतो. भिल्ल, पावरा, मावची कुटुंबातला वारसाचा दावा आला की रूढी काय होती ते पुराव्याने सिद्ध करावं लागतं. शहादा-तळोद्याकडचे पक्षकार आमच्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न नेहमीचा असतो. १८७४ च्या शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स ॲक्टच्या परिशिष्टात काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली आणि नवलपूर या मेवासी प्रमुखांच्या (सातपुड्यातल्या भिल्ल सरदारांच्या) गावांची नोंद आहे. काठीची राजवाडी होळी आपल्याला माहीत असते, पण तो मुलूख तेव्हा सर्वसाधारण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला गेला होता, हे मला या विषयामुळेच समजलं. राज्यघटनेतल्या आजच्या पाचव्या अनुसूचीची (आदिवासी क्षेत्रांसाठीच्या खास तरतुदींची) मुळं तिथवर जातात.

दुसरी मोठी कमाई म्हणजे मोडी, जुन्या मराठी कागदांची लिपी. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ हाकेच्या अंतरावर असताना नुसत्या गाईडवर अभ्यास करणं हा करंटेपणा आहे. मोडी शिकायला चिकाटी लागते, पण महजर, म्हणजे सभेचा लेखी निवाडा, काय असतो ते वाचूनच उमगतं. वतनाचा (गावकामाबद्दल मिळालेल्या पिढीजात हक्काचा) वाद गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी आणि भाऊबंदांच्या सभेपुढे, यायचा, साक्षी व्हायच्या, निवाडा लिहिला जायचा. खाली पाटलाची निशाणी नांगर, आणि बलुतेदारांची निशाणी म्हणून ज्याच्या त्याच्या धंद्याचं हत्यार काढलेलं. निवाड्याला अख्खा गाव साक्षीदार असायचा. ती नांगराची रेघ बघितल्यावर ‘पंचायत न्यायव्यवस्था’ हा परीक्षेतला दहा मार्कांचा प्रश्न पाठ करावा लागत नाही.

कोर्टात तर पावलोपावली हाच विषय भेटतो. एक आजोबा सातबारा घेऊन आले आणि म्हणाले, “ताई, आमनी जमीन वर्ग दोनमा कशी व्हयनी?” वर्ग दोन म्हणजे हस्तांतरावर सरकारी अटी असलेली जमीन. उत्तर १९५८ च्या कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्यात होतं. वतन गेलं, जमीन परत मिळाली ती नवीन अविभाज्य शर्तीवर, म्हणून परवानगीशिवाय विकायला बंदी आली. जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) लावून बघितले आणि सगळी साखळी जुळली. कुळकायद्यातला १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (कूळ जमिनीचा मालक मानला गेला तो दिवस), आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा, हे टप्पे डोक्यात नसले तर फेरफार नुसता कागद राहतो.

जेएमएफसीची (कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेची) तयारी एवढंच ध्येय असेल तर मार्कांच्या हिशेबाने दुसरा विषय सोयीचा पडेल, हे मान्य. कंपन्यांत नोकरी हवी असेल त्यांनी आयपीआर खुशाल घ्यावा. पण जळगाव, धुळे, नंदुरबारला दिवाणी किंवा महसुली वकिली करायची असेल तर मी हाच विषय सुचवेन, अगदी आग्रहाने.

फॉर्म भरण्याआधी शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना दोन गोष्टी विचारा: मूळ रेग्युलेशनं वाचायला देणार का, आणि अंतर्गत गुणांसाठीचा प्रकल्प आपल्या तालुक्यावर चालेल का. होकार मिळाला तर गावच्या एखाद्या जुन्या गट नंबरचे सगळे फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा आणि त्यावरच प्रकल्प करा. नकला मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज सत्राच्या पहिल्या आठवड्यातच टाका.