लिची: डॉक्युमेंटेशनमधल्या तुटक्या लिंक शोधायला उत्तम टूल

नागपुरात मिहान किंवा परसोडीच्या आयटी पार्कात ज्या टीम मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मांडणी करायच्या मजकूर-फाइलींत) डॉक्युमेंटेशन लिहितात, त्यांनी लिची बसवावंच. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं, मोफत आणि वेगवान, कारण ते अनेक लिंक एकाच वेळी तपासतं.

आधी 'ऑफलाइन' पर्यायाने चालवा. त्यात फक्त स्थानिक फाइलींच्या लिंक तपासल्या जातात. फाइलचं नाव बदलल्यावर तुटलेल्या लिंक इथेच सापडतात. सोबत 'इन्क्लूड-फ्रॅगमेंट्स' लावाच! नाहीतर लिंकमधला हॅशपुढचा (#), म्हणजे पानातल्या मथळ्याकडे नेणारा भाग तपासलाच जात नाही, आणि मथळा बदलला की नेमका तोच तुटतो.

बाहेरच्या लिंकांत खोटे इशारे बरेच येतात. गिटहबच्या लिंक भरपूर असतील तर 429, म्हणजे 'फार विनंत्या झाल्या' हा सर्व्हरचा कोड येतो; लिचीला गिटहबचं टोकन (ओळख पटवणारी किल्ली) द्या. लिंक्डइन आपोआप चालणाऱ्या टूलना अडवून 999 हा कोड पाठवतं. ते डोमेन लिचीइग्नोर (.lycheeignore) या वगळायच्या लिंकांच्या फाइलमध्ये टाका. 403 (प्रवेश नाकारल्याचा कोड) मात्र सरसकट मान्य करू नका, कायमची बंद झालेली पानंही त्यात लपतात. कॅश (आधीच्या तपासणीचे निकाल साठवणं) चालू ठेवली की त्याच लिंक पुन्हापुन्हा तपासाव्या लागत नाहीत. या साठ्याची मुदत तुम्ही बदलली नाही तर एका दिवसाची असते.

उणीव एकच, पण मोठी: मजकूर गायब असूनही सर्व्हरने 200 (सगळं ठीक असल्याचा कोड) दिला, तर लिची ती लिंक पास करतं. अशी पानं हातानेच उघडून बघावी लागतात.