डब्ल्यूटीओत केस की थेट सौदा?

दोन देशांच्या ट्रेडच्या भांडणात डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) केस टाकावी की उलट टॅरिफ (आयातीवरचा कर) लावून समोरच्याला टेबलावर आणावं, यात बरेच जण अडकतात.

वेळ बघा. केसमध्ये आधी 60 दिवस नुसती बोलणी, मग पॅनल (निकाल देणारे तज्ज्ञ), आणि एअरबस-बोइंग या विमान कंपन्यांवरून युरोप-अमेरिकेचं तर 2004 ला सुरू झालेलं भांडण 2021 ला तात्पुरतं थांबलं. त्यात डिसेंबर 2019 पासून अपील बघणारी बॉडीच ठप्प, म्हणजे हरणाऱ्याने अपील टाकलं की निकाल लटकला (कमाल आहे ना).

सौदा पटकन होतो असंही नाही हां. अमेरिकेने 2018 ला स्टीलवर 25 टक्के लावले, भारताने 2019 ला बदाम, सफरचंद, अक्रोड धरून 28 वस्तूंवर ड्युटी वाढवली, आणि जून 2023 मध्ये दोघांनी मिळून डब्ल्यूटीओतल्या सहा केसेस मिटवल्या. पण स्टीलवरचा टॅरिफ गेला नाही, फक्त सवलती मिळाल्या.

खर्च? केसला वकील लागतात, उलट टॅरिफचा भार आपल्याच ग्राहकावर.

मार्केट छोटं असेल तर केसच बरी, तुमच्या टॅरिफला कोण घाबरणार! समोरच्याला तुमचं गिऱ्हाईक हवंच असेल तर सौदा, आणि जमलं तर केस चालू ठेवूनच.