नदीकाठची मळी घ्यावी की वरचं काळं रान? पूर बघताय तसा निचरा पण बघा

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला, पुण्यात नोकरीला असतो तो, म्हणाला दादा दोन रानं बघितलीत, दोन्ही दोन-दोन एकर, भावात फार फरक नाही, एक भिलवडी-अंकलखोपच्या अंगाला कृष्णेच्या काठाची मळी म्हणजे नदीच्या गाळाची जमीन, आणि दुसरं गावाच्या वरच्या बाजूचं भारी काळं, सिंचन स्कीमच्या पाण्यावरचं, कुठलं घेऊ सांग. आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच ठरवून मोकळा, काळंच घेतो, मळीत २०१९ ला पाणी होतं ना. म्हटलं थांब जरा. पाणी येतं का हा एक प्रश्न, आलेलं पाणी निघून जातं का हा दुसरा, आणि लोक पहिला विचारतात आणि दुसरा विसरतात.

आमची स्वतःची थोडी मळी आहे आणि थोडं काळं पण आहे, दोन्ही कसतो, त्यामुळं दोन्हीचे नखरे माहीत आहेत. मळीत पूर येतो हे खरंच, खोटं कशाला बोलू. गंमत म्हणजे आमच्या भागात पाऊस जेमतेम ५००-६०० मिलिमीटरच्या आसपास, पूर येतो तो वर महाबळेश्वर-कोयनेकडं कोसळलेल्या पावसाचा, म्हणजे इकडं ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोक्याची, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तरीपण पाणी उतरल्यावर काठाकडच्या पट्ट्यात आम्ही आठ-दहा दिवसांत पाय घातला, चिखल वरवरचा होता, खाली माती मोकळी. आणि वरचं काळं, ज्यात नदीचं पाणी आयुष्यात कधी आलं नाही, तिथं त्याच पावसाळ्यात महिनाभर घात, म्हणजे काम करण्याजोगी ओल, आली नाही. ट्रॅक्टर घातला की रुतणार, नाही घातला तर तण डोक्यावर.

आता मळी मळी म्हणतो आपण पण सगळी मळी एक नसते, आणि इथंच घेणारा फसतो. पूर काठावरून बाहेर पडला की पाण्याचा वेग एकदम कमी होतो, जाडी वाळू आणि पोयटा म्हणजे मोकळी गाळमाती तिथंच काठाला बसते, आणि बारीक चिकट गाळ पाण्याबरोबर लांब जाऊन मागं साचतो. त्यामुळं नदीकाठ बऱ्याच ठिकाणी थोडा उंच असतो आणि नदीपासून लांब गेलं की जमीन उलट खाली उतरते, नवीन माणसाला हे पटत नाही. काठाचा उंचवटा म्हणजे खरी निचऱ्याची मळी. मागची लवण म्हणजे पाणथळ, पूर गेला तरी तिथं डबकं राहतं, ऊस पिवळा पडतो. सातबाऱ्यावर दोन्हीचा गट नंबर एक असू शकतो, दलाल दाखवताना काठाकडूनच दाखवणार हे उघड आहे. त्यात आपली मळी म्हणजे गंगेकाठच्या गाळासारखी पण नाही, आपला सगळा गाळ सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून आलेला, म्हणून रंग काळपटच असतो आणि चिकण पण बऱ्यापैकी असते. लांबून बघून मळी की काळी हे सांगणं अवघड आहे, माती हातात घ्यावी लागते.

भाऊ शिकलेला, त्यानं कुठनंतरी माती सर्वेक्षणाचे शब्द वाचून विचारलं की हे फ्लुव्हेंट, हॅप्लुस्टेप्ट, व्हर्टिसॉल काय भानगड आहे. जास्त डोकं नका लावू पण अर्थ कळला तर उपयोग होतो. नदीनं नुकता टाकलेला गाळ, ज्यात मातीला अजून स्वतःचे थर घडवायला वेळच मिळालेला नाही, तो एंटिसॉल गटात जातो आणि त्यात नदीच्या गाळाचा उपगट फ्लुव्हेंट, आपल्यासारख्या कोरड्या-ओल्या हंगामाच्या हवेत त्याला उस्टिफ्लुव्हेंट म्हणतात. त्याची ओळख मजेशीर आहे. साध्या जमिनीत वरनं खाली जाताना सेंद्रिय कर्ब हळूहळू कमी होत जातो, इथं तो कमी-जास्त, कमी-जास्त होतो, कारण प्रत्येक पुरानं जुनी वरची माती गाडून टाकलेली असते, नाहीतर सव्वा मीटर खोलीवरसुद्धा ०.२ टक्के कर्ब शिल्लक असतो. काठापासून जरा वर, जिथं पूर वर्षानुवर्षं येत नाही, तिथं माती मुरलेली असते, खाली तिचा रंग आणि ढेकळाची ठेवण बदललेली असते, ती इन्सेप्टिसॉल, आणि नदीची खूण अजून अंगावर असेल तर फ्लुव्हेंटिक हॅप्लुस्टेप्ट. आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या मळ्या याच प्रकारातल्या. आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारं भारी काळं रान ते व्हर्टिसॉल, त्यात चिकण माती ३० टक्क्यांच्या वर पाहिजेच, आपल्या खोऱ्यात ती ५०-६० पण भरते.

पण एक लक्षात ठेवा, या नावांत निचरा थेट लिहिलेला नसतो, तो वेगळा नोंदवतात. आणि जमिनीची योग्यता ठरवणारी जी आठ वर्गांची पद्धत आहे त्यात पूर येणारी जमीन आणि पाणी तुंबणारी जमीन दोघींना एकच पाण्याचं चिन्ह लावतात. कागदावर दोघी बहिणी, रानात सवती.

तर मग निचरा कळणार कसा. मी भावाला कुदळ-फावडं घेऊन बोलावलं, मे महिन्यात, ऐन उन्हात, बायको बडबडत होती तिची. काठाकडं छातीएवढा खड्डा मारला. बाजूची भिंत खुरप्यानं साफ केली की थर उघडे पडतात, वर वीतभर पोयटा, मग दोन बोटं बारीक वाळू, मग परत गडद माती, आणि साधारण दीड फुटावर गुटख्याची पुडी, चकचकीत, रंग पण गेलेला नाही. म्हणजे ती पुडी पडल्यानंतर वरचा सगळा गाळ आलाय, जमीन किती तरुण आहे याचा यापेक्षा चांगला दाखला प्रयोगशाळा काय देणार. खालपर्यंत रंग एकसारखा तपकिरी, मुळ्या तीन फुटांपर्यंत गेलेल्या, माती ओली करून अंगठ्यानं दाबून पट्टी काढली तर इंचभरानंतर तुटते. हा चांगला निचरा. मग नदीपासून लांब, त्याच गटाच्या मागच्या टोकाला दुसरा खड्डा. दोन फुटांखाली माती राखाडी आणि तिच्यात गंजलेल्या खिळ्यासारखे तांबडे ठिपके. ते ठिपके म्हणजे तिथं दरवर्षी पाणी थांबतं, लोखंड विरघळतं, सुकलं की परत गंजतं. मे महिन्यात रान ठणठणीत कोरडं असलं तरी हे ठिपके खोटं बोलत नाहीत, म्हणून मी उन्हाळ्यात रान बघायला घाबरत नाही. ठिपके तीन फुटांच्या खाली असतील तर चालतंय, दोन फुटांवर आले तर हळद विसरा.

वरच्या काळ्या रानात मात्र ही युक्ती तितकी चालत नाही, काळा रंग सगळं पोटात घालतो. तिथं बाकीच्या खुणा बघायच्या. शेजारच्या विहिरीत मे महिन्यात पाणी किती फुटांवर आहे ते बघा, चार-पाच फुटांवरच दिसलं तर लोक खूश होतात, मी घाबरतो. सरीच्या वरंब्यावर पांढरं फुललंय का बघा, ते खारवट. पांढरं नाही पण ओलं झालं की साबणासारखं बुळबुळीत आणि वाळलं की दगड, ते चोपण. माती परीक्षणात क्षारता म्हणजे ईसी ४ च्या वर गेली की खारवट समजतात, सामू ८.५ च्या वर गेला की चोपणाची शंका घ्यायची. मिरज, वाळवा, पलूस, शिरोळ, या पट्ट्यात एकेकाळी सोन्यासारखी असलेली काळी रानं अशीच गेली, पूर न येता गेली, नुसतं पाटानं ऊसाला पाणी देऊन देऊन. पाणी आत गेलं, बाहेर यायला वाट नाही, पाणीपातळी वर आली आणि बरोबर मीठ घेऊन आली. त्यावर उपाय आहे, जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाकून पाणी ओढ्याला काढायचं, कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं यावर बरंच काम केलंय, पण तुमचा पाईप जिथं सोडायचा तो ओढाच भरलेला असला किंवा खालचा शेतकरी आडवा पडला तर पाईप घालून काय करणार. नुसतं जिप्सम टाकून चोपण सुधारत नाही, निघालेलं मीठ वाहून जायला निचरा आधी लागतो.

बरं मळीचं सगळं गोड आहे का तर नाही. उन्हाळ्यात मळी सहा-सात दिवसाला पाणी मागते, काळं दहा-बारा दिवस दम काढतं, लाईटच्या वेळा बघता हा फरक छोटा नाही, ठिबक नसेल तर रात्री जागा. युरिया एकदम टाकला की खाली वाहून जातो, चार हप्त्यांत द्यावा लागतो. शाळू किंवा हरभरा नुसत्या ओलीवर काढायचा असेल तर काळ्याला तोड नाही, मळीत ते जमत नाही. मळीचा जीव वांग्यात, कृष्णाकाठच्या वांग्याला भाव उगीच मिळत नाही, मग भाजीपाला, भुईमूग, हळद. हळदीला निचरा नसला तर कंदकुज ठरलेली. भुईमूग उपटताना मळीत शेंगा झाडाबरोबर येतात, काळ्यात निम्म्या जमिनीतच राहतात, हे एकदा उपटून बघा म्हणजे कळेल. ऊस दोन्हीत येतो, पण पुराच्या गाळानं पोंगा, म्हणजे शेंड्याची सुरळी, भरला की ऊस कुजतो, शेंडा पाण्याच्या वर राहिला तर वाचतो, म्हणून मळीत ऊस लावणाऱ्यानं ऑगस्टपर्यंत तो उंच होईल अशी लागण धरायची.

आणि मळीचा खरा धोका पाणी नाही, नदीचं वळण आहे. बाहेरच्या वळणावर नदी काठ खाते, आतल्या बाजूला भर घालते. बाहेरच्या बाजूचं रान असेल तर सातबाऱ्यावर दोन एकर आणि प्रत्यक्षात काही गुंठे नदीत असं होतं, पैसे मात्र दोन एकराचे जातात. मोजणी करून घेतल्याशिवाय विसार द्यायचा नाही. दुसरं म्हणजे पूररेषा, निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत घर, गोठा, पॉलिहाऊस असलं काही डोक्यात आणू नका, मोटरसुद्धा वर काढायची तयारी जूनमध्येच ठेवा. भावाच्या मनात फार्महाऊस होतं, ते ऐकल्यावर मी म्हटलं मग मळी तुझ्यासाठी नाही, वरचंच घे पण विहीर बघून घे.

तसं माझं मत कुणी विचारलं तर, स्वतः कसणार असाल, भाजीपाला-हळद करणार असाल, आणि दहा वर्षांतून दोन हंगाम गेले तरी घर चालेल एवढा दुसरा आधार असेल, तर काठाची निचऱ्याची मळी डोळे झाकून. गेलेला हंगाम परत येतो. चोपण झालेलं रान सुधारायला वर्षं जातात आणि तेवढ्यात पैसा आणि माणूस दोन्ही थकतात. पण वाटेकऱ्याला लावून पुण्यात बसणार असाल तर काळं बरं, फक्त वाटेकरी पाणी किती सोडतो यावर लक्ष पाहिजे, कारण पाण्याचं बिल तुम्ही भरणार असाल तर तो रात्रभर मोटर चालू ठेवणार. मधली अवस्था म्हणजे मागची लवण, ती कुठल्याच भावात घेऊ नका, तिच्यात पूर पण येतो आणि पाणी पण थांबतं.

भावानं शेवटी फार्महाऊसचा नाद सोडला. मळीच्या मालकाला त्यानं दोन्ही खड्डे दाखवले, गंजाच्या ठिपक्यांचं ढेकूळ समोर ठेवलं आणि म्हणाला मागच्या पंधरा गुंठ्याचा भाव काठाच्या भावानं देणार नाही. मालक आधी तणतणला, मग ढेकूळ हातात घेऊन बघत बसला, म्हणाला तिथं आमचा बैल पण रुतायचा. वाटाघाटी अजून चालू आहेत, मोजणीची तारीख पडली आहे.