फोम बोर्डपासून घरी बांधलेले विजेवरचे आरसी विमान : एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात बांधलेले आणि दिवाळीपासून नियमितपणे उडवत असलेले हे चार चॅनेलचे, म्हणजे रिमोटवरून चार गोष्टी वेगवेगळ्या चालवता येणारे, शिकाऊ विमान आहे. पंख धडाच्या वर बसवलेला असून त्याची लांबी १.२ मीटर आणि रुंदी २० सेंटिमीटर आहे. बॅटरीसह वजन सुमारे ८५० ग्रॅम भरते. ए-२२१२ या नावाने सर्वत्र मिळणारी १००० केव्हीची (दर व्होल्टमागे मिनिटाला १००० फेऱ्यांची) ब्रशलेस मोटर, मोटरचा वेग नियंत्रित करणारा ३० अँपिअरचा ईएससी, १० इंच व्यासाचा व ४.५ इंच पिचचा (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे अंतर) प्रॉपेलर, पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणारे ९ ग्रॅमचे चार सर्व्हो, तीन सेलची २२०० एमएएच क्षमतेची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि फ्लायस्कायचा एफएस-आय६ रिमोट, एवढी त्यातील सामग्री. आपल्याकडे हा छंद नव्याने सुरू करणारे पुष्कळ जण थोड्याफार फरकाने हाच संच घेतात. म्हणून त्यातील काय टिकले आणि काय बदलावे लागले, हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच नोंदवतो : पैसा रिमोट, चार्जर आणि बॅटरी यांवर खर्च करावा, सांगाड्यावर वाचवावा.

सांगाड्यासाठी दोन्ही बाजूंना कागद असलेला ५ मिलिमीटर जाडीचा फोम बोर्ड वापरला. दुकानात तो मागताना नीट पाहून घ्यावा लागतो, कारण जाहिरातींचे फलक करणाऱ्यांकडे मिळणारा सनबोर्ड दिसायला तसाच असला तरी पुष्कळ जड असतो आणि विमानाच्या कामाचा नाही. पॉलिस्टायरीनच्या फोमवर साधा सुपर ग्लू लावला की फोम विरघळतो. टोल्युइन असलेल्या रबरी गोंदानेही तेच होते. त्यामुळे सगळे सांधे ग्लू गनने जोडले, आणि जेथे कागदावर कागद चिकटवायचा होता तेथे फेविकॉल वापरला. पंखात आडवी लाकडी पट्टी आणि मोटरच्या मागे ३ मिलिमीटरचा प्लायवूड, या दोनच ठिकाणी लाकूड आहे. पंख धडाला रबर बँडने बांधलेला असल्यामुळे उतरताना त्याचे टोक जमिनीला लागले तरी तो तुटण्याऐवजी सरकतो, आणि माझ्या मते या रचनेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

महिने उलटल्यावर या साहित्याचा खरा दोष दिसला, तो बिजागरीत. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे, विमान कलवणारे भाग) आणि एलिव्हेटर (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा भाग) यांची बिजागरी म्हणजे फोम कापून शिल्लक ठेवलेला एका बाजूचा कागदच असतो. काही आठवड्यांच्या वापरानंतर तो मऊ पडतो, त्याचे तंतू सुटू लागतात आणि पृष्ठभाग वाऱ्यात थरथरतो. पावसाळी हवेत कागद फोमपासून सुटूही लागतो. यावर उपाय सोपा आहे : बिजागरीवर पूर्ण लांबीची तंतूंची चिकटपट्टी लावावी आणि उघड्या कागदावर पॉलियुरेथेन व्हार्निशचा एक पातळ हात द्यावा. दुसरा हात देऊ नये, कारण शेपटीकडे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमची भरपाई नाकाकडे कित्येक ग्रॅम वाढवूनच करावी लागते.

वजनाचा हा मुद्दा मोटरच्या ताकदीपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. पंखाचे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर धरले तर ८५० ग्रॅमला दर चौरस डेसिमीटरमागे सुमारे ३५ ग्रॅम भार येतो, आणि एवढ्या भाराचे विमान शिकणाऱ्याला विचार करण्यापुरता वेळ देते. तेच विमान १२०० ग्रॅमचे झाले तर भार ५० ग्रॅमवर जातो, उतरण्याचा वेग वाढतो आणि वळणात स्टॉल होण्याची, म्हणजे पंखाची उचल अचानक जाण्याची, शक्यता बळावते. अधिक ताकदीची मोटर बसवून हे दुखणे दूर होत नाही, उलट तिच्यासाठी मोठी बॅटरी घ्यावी लागते. गुरुत्वमध्य मी पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या साधारण २७ टक्क्यांवर ठेवला आहे. बॅटरी दर वेळी त्याच जागी बसावी म्हणून धडाच्या आत खूण केली असून वेल्क्रो पट्टा लावला आहे.

मोटरविषयी तक्रार नाही. केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर ते सुमारे ११,१०० होतात आणि प्रॉपेलर लावल्यावर बरेच कमी. समजा ८,००० राहिले, तर ४.५ इंच पिचनुसार ताशी ५५ किलोमीटर हा वेग येतो. शिकाऊ विमानाला एवढे भरपूर आहे. प्रॉपेलर मात्र समतोल करूनच लावावा. हलक्या पात्यावर चिकटपट्टीचा लहान तुकडा लावून तोल साधला की जी कंपने थांबतात, तीच एरवी प्लायवूडचे स्क्रू ढिले करत असतात.

ईएससीमध्ये एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. स्वस्त ईएससीतील बीईसी, म्हणजे रिसीव्हर (विमानात रिमोटचे संकेत घेणारा भाग) व सर्व्हो यांना ५ व्होल्ट देणारा भाग, बहुधा लिनिअर प्रकारचा असतो आणि बॅटरीच्या ११.१ व्होल्टपैकी वरचे ६ व्होल्ट तो उष्णतेत घालवतो. चार सर्व्होंनी मिळून १ अँपिअर घेतला तर ६ वॅट उष्णता त्या चिमुकल्या पाटीवर साचते. धडात हवा आत येण्यासाठी पुढे एक आणि बाहेर जाण्यासाठी मागे त्याहून मोठे छिद्र ठेवल्यापासून एप्रिलच्या उन्हातही ईएससीला हात लावता येतो. सर्व्होंपैकी दोघांचे प्लास्टिकचे दाते उतरताना मोडले. ते एका प्रचलित सर्व्होच्या बिननावाच्या नकला होत्या. एलिव्हेटरसाठी आता धातूच्या दात्यांचा सर्व्हो बसवला आहे. तो चार-पाच ग्रॅम जड आहे, पण एलिव्हेटर निकामी झाला तर विमान वाचत नाही, म्हणून हे वजन मी आनंदाने स्वीकारले.

बॅटरीबद्दल अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण या छंदातील खरा धोका तीच आहे. लिपोचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो आणि विश्रांतीच्या स्थितीत तो ३.५ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. २२०० एमएएच पैकी ८० टक्के, म्हणजे १७६० एमएएच वापरायचे ठरवले, आणि संथ उड्डाणात सरासरी ९ अँपिअर लागतात असे धरले, तर हिशेबाने जवळपास पावणेबारा मिनिटे मिळतात. मी घड्याळावर आठ मिनिटांचा गजर लावतो, कारण उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून पुन्हा फेरी मारण्याइतकी वीज शिल्लक असलीच पाहिजे. रिमोटच्या पडद्यावर दिसणारा व्होल्टचा आकडा रिसीव्हरला मिळणाऱ्या ५ व्होल्टचा असतो, बॅटरीचा नव्हे. वेगळा सेन्सर जोडल्याशिवाय त्यावरून बॅटरीचा अंदाज बांधू नये. चार्जर प्रत्येक सेल स्वतंत्रपणे मोजणारा बॅलन्स चार्जरच असावा आणि त्याला स्टोरेजची सोय असावी, म्हणजे आठवडाभर उडवायचे नसेल तर बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवता येते. २.२ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाहाने मी ती कधीच भरत नाही, आणि भरताना तेथून हलत नाही. फुगलेली बॅटरी कितीही चांगली चालत असली तरी बाद करावी.

रिमोटमध्ये फेलसेफ (संपर्क तुटल्यावर मोटर थांबवणारी सोय) मेन्यूत जाऊन स्वतः लावावा लागतो. प्रॉपेलर काढून ठेवावा, थ्रॉटल (मोटरचा वेग) थोडा वाढवावा, रिमोट बंद करावा आणि मोटर थांबते का ते पाहावे. ही चाचणी मी रिसीव्हर पुन्हा जोडला की दर वेळी करतो. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींना काटकोनात ठेवल्या आहेत. या रिमोटने आजवर संपर्क तुटू दिलेला नाही.

मी साताऱ्याकडच्या एका माळावर, मालकाच्या परवानगीने उडवतो. ‘ड्रोन नियम, २०२१’ यांनुसार मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेले २५ किलोपर्यंतचे रिमोटचे विमान ‘मॉडेल’ या वर्गात येते आणि त्याला टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या विमानाला मिळणारी सरकारी मान्यता) लागत नाही. परंतु रेड आणि यलो झोनची (उडवण्यास परवानगी लागणाऱ्या क्षेत्रांची) बंधने त्यालाही आहेत, म्हणून डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय नवी जागा निवडू नये. ग्रीन झोनमध्येही उंचीची मर्यादा ४०० फूट आहे, आणि एवढ्या लहान विमानाची दिशा डोळ्यांना कळणे त्याच्या बरेच आधी बंद होते. हिवाळ्यातील सकाळ सर्वांत उत्तम. घारी पंख न हलवता घिरट्या घालू लागल्या की माळावरून गरम हवा वर चढू लागली असे समजावे. त्यानंतर हलके विमान सारखे उचलले जाते आणि नवशिक्याला ते उतरवणे जड जाते. संक्रांतीच्या आसपास मात्र पतंगांच्या दोऱ्यामुळे गावाजवळ उडवणे मी बंदच ठेवले.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने फोम कापण्यापूर्वी हाच रिमोट केबलने संगणकाला जोडून सिम्युलेटरवर सराव करावा. विमान आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावे-उजवे उलटते, आणि हे हातात मुरायला वेळ लागतो. एफएस-आय६ साठीची केबल सहज मिळते. तिच्यासाठी लागणारा खर्च एका मोडलेल्या प्रॉपेलरसह दोन सर्व्होंच्या खर्चापेक्षा फारसा जास्त नाही.