गुडघा बरा झाला, पाय मात्र पुढे जाईना

एसीएलची, म्हणजे गुडघ्यातल्या एका मुख्य लिगामेंटची, शस्त्रक्रिया होऊन अकरा महिने झाले होते. सर्जननी खेळायला परवानगी दिली होती. फिजिओंनी दोन्ही मांड्यांची ताकद मोजून कागदावर सही केली होती. आणि मी, फुटबॉल टीमचा सेंटर फॉरवर्ड, क्रॉस (बाजूने गोलसमोर उंच येणारा चेंडू) आला की उडी मारत नव्हतो. मारतोय असं दाखवत होतो. अर्धा सेकंद उशिरा उठायचं, म्हणजे डिफेंडर आधी चेंडूला पोचतो आणि आपल्याला वरून खाली पडावं लागत नाही. ही युक्ती मी कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

आमच्या गोलकीपरच्या लक्षात आलं. तो मागून सगळं बघत असतो. त्यानेच मला दादरच्या या क्रीडा-मानसशास्त्रज्ञ मॅडमचा नंबर दिला. जुलै ते ऑक्टोबर २०२५ मध्ये माझ्या दहा बैठका झाल्या. मॅडमना जाहिरात नको आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण मुंबईच्या लीगमध्ये खेळणाऱ्या दोनचार जणांना विचाराल तर नंबर मिळेल. माझ्याकडून ५ पैकी ४. तो एक का कापला तेही सांगतो.

जागा दादर पश्चिमेला, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. मी भांडुपहून स्लो लोकलने येतो. फुलबाजाराच्या गर्दीतून वाट काढत चालत पंधरा मिनिटं लागतात. लिफ्ट नाही. बावीस पायऱ्या आहेत, नुकतं ऑपरेशन झालेल्यांनी हे लक्षात ठेवा. पहिल्या बैठकीचे २,५०० रुपये आणि पुढच्या प्रत्येकीचे २,०००, म्हणजे मला एकूण २०,५०० रुपये लागले. ही रक्कम माझ्यासारख्याला छोटी नाही. क्लबने त्यातला एक रुपयाही दिला नाही. ऑपरेशनचा खर्च विम्यात बसतो, पण याचं बिल कुठल्या रकान्यात टाकायचं हेच कुणाला कळत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी तयारी करून गेलो होतो. प्रेशर, फॉर्म, फोकस असे शब्द जुळवून ठेवले होते. दहा मिनिटं मी तेच बोलत राहिलो. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मैदानात चुकलं की स्वतःशी कोणत्या भाषेत बोलता?"

"मराठीत."

"काय म्हणता?"

मी बराच वेळ गप्प होतो. मग म्हणालो, "संपलं तुझं."

त्यानंतर आम्ही सगळं मराठीतच बोललो. मैदानात शिरताना पोटात गोळा येतो, पाय जड होतात, वॉर्म-अपला आपल्याच टीममध्ये पाहुणा असल्यासारखं वाटतं, हे मला आधी कुणाजवळ बोलताच आलं नव्हतं. फिजिओंकडे मी "ऑल गुड" म्हणायचो, कारण तेवढंच येत होतं. या केंद्राचं सगळ्यात मोठं बळ मला विचाराल तर ही भाषा.

मग त्यांनी १२ प्रश्नांचा एक कागद पुढे केला. एसीएलच्या रुग्णांसाठी जगभर वापरतात तो. खेळताना गुडघ्याची भीती वाटते का, पुन्हा दुखापत होईल असं वाटतं का, गुडघा टिकेल याची खात्री किती, असे साधे प्रश्न. माझे गुण १०० पैकी ३४ आले. तो आकडा बघून मला चक्क हायसं वाटलं. अकरा महिने जी गोष्ट मी आळस, भित्रेपणा, नशीब अशा नावांनी ओळखत होतो, ती मोजता येते आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांना होते, हे त्या कागदाने सांगितलं. फिफप्रो ही खेळाडूंची जागतिक संघटना. तिच्या २०१५ च्या पाहणीत ६०७ सक्रिय व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी ३८ टक्के जणांनी नैराश्याची किंवा चिंतेची लक्षणं असल्याचं सांगितलं होतं. ज्यांना तीन किंवा जास्त मोठ्या दुखापती झाल्या त्यांच्यात ही शक्यता दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढलेली होती. पंचवीस जणांच्या ड्रेसिंग रूममध्ये हा हिशेब लावून बघा. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये मात्र यावर चकार शब्द निघत नाही.

दुसऱ्या बैठकीला येताना त्यांनी मला दुखापतीच्या दिवशीचे बूट आणायला सांगितले. ते वर्षभर माळ्यावर होते, आईने बांधून ठेवलेल्या पिशवीत, जसे पायातून काढले तसेच. ऑगस्ट २०२४ मध्ये सरावात हेडरला, म्हणजे चेंडू डोक्याने मारायला, उठलो होतो आणि उतरताना उजवा गुडघा आत वळला. कुणाचा धक्काही लागला नव्हता. 'टक' असा आवाज आला, तो मला आजही ऐकू येतो. मॅडमच्या टेबलावर पिशवी उघडली तर बुटांतून टर्फचे काळे रबरी दाणे सांडले. मी ते घाईघाईने पुसायला लागलो. त्या म्हणाल्या, "राहू द्या." मग त्या दाण्यांकडे बघत मी पहिल्यांदा तो दिवस पूर्ण सांगितला. कुठून क्रॉस आला, कोण ओरडलं, मला उचलून नेताना आकाश कसं दिसत होतं, सगळं. बोलून झाल्यावर एक दाणा बोटाने उचलला तेव्हा हात थरथरत नव्हता. बैठक संपल्यावर त्यांनी ते दाणे कागदात गुंडाळून माझ्याकडे दिले. ते अजून पाकिटात आहेत.

आत्मविश्वास म्हणजे काय, हे त्यांनी ज्या पद्धतीने समजावलं ते सगळ्या कोचनी ऐकावं असं मला मनापासून वाटतं. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलेली ही गोष्ट. 'मला हे जमेल' ही खात्री चार वाटांनी येते. एक, आपण स्वतः करून दाखवलेलं काम. दोन, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणं. तीन, विश्वासातल्या कुणाचे शब्द. चार, त्या क्षणी शरीर काय सांगतंय ते. यातली पहिली वाट सगळ्यात भक्कम. आता जखमी खेळाडूचा विचार करा. त्याच्याकडे करून दाखवलेलं ताजं असं काही नसतं. आजूबाजूला सगळे धडधाकट, म्हणजे 'आपल्यासारखा' कुणी नाही. कोच दुसऱ्यांत गुंतलेले. आणि शरीर म्हणतंय, जपून. चारही वाटा एकदम बंद. मग लोक म्हणतात, याची भूक मेली.

मीही असंच म्हणायचो. शाळेत असताना स्पेनचा स्ट्रायकर फर्नांडो टोरेस माझा देव होता. एप्रिल २०१० मध्ये त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, त्याच उन्हाळ्यात तो वर्ल्ड कप खेळला, स्पेन जिंकलं, पण त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. ३१ जानेवारी २०११ ला चेल्सी या इंग्लिश क्लबने त्याला ५ कोटी पौंडांना घेतलं. पहिला गोल यायला २३ एप्रिल उजाडला. वेस्ट हॅमविरुद्ध, धो धो पावसात, चेंडू डबक्यात अडकला आणि त्याने वळून मारला. मधल्या तीन महिन्यांत आम्ही पोरं कट्ट्यावर बसून म्हणायचो, पैसा मिळाला, आता कशाला पळेल. आज ते जुने व्हिडिओ बघताना मला दुसरंच दिसतं. गोलसमोर तो मारण्याआधी चेंडूला एक जास्तीचा टच घेतोय. पूर्वी न बघता मारायचा तिथे आता आधी खात्री करून घेतोय, आणि तेवढ्यात डिफेंडरचा पाय येतोय. स्ट्रायकरचा विश्वास गेला की तो सगळ्यात आधी त्या एका टचमध्ये दिसतो. माझ्या स्वतःच्या क्लिप मॅडमबरोबर बघितल्या तेव्हा तोच टच मला माझ्याही पायात दिसला.

चौथ्या बैठकीपासून काम मैदानावर आलं. फिजिओंशी फोनवर बोलून मॅडमनी मला पायऱ्या आखून दिल्या. आधी जागच्या जागी उडी मारून उजव्या पायावर उतरणं, रोज वीस वेळा. मग हाताने फेकलेल्या चेंडूवर हेडर. मग क्रॉसवर, पण समोर कुणी नाही. मग गोलकीपर. शेवटी गोलकीपर आणि डिफेंडर दोघंही. पुढची पायरी कधी घ्यायची ते मी ठरवायचं. दोन वेळा त्या स्वतः सकाळी सातला टर्फवर आल्या आणि गोलपोस्टजवळ वही घेऊन उभ्या राहिल्या, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. रोज रात्री मी वहीत फक्त एवढंच लिहायचो: आज किती उड्या, किती वेळा नीट उतरलो. एक दिवस मागची पानं मोजली तर बाराशेच्या वर उड्या झाल्या होत्या.

आता दुसरी बाजू. सातव्या बैठकीत त्यांनी पानावर मधोमध रेघ मारली आणि म्हणाल्या, डावीकडे तुमच्या हातातलं लिहा, उजवीकडे हातात नसलेलं. माझी उजवी बाजू भरून पान उलटावं लागलं. दहा महिन्यांचा करार. पगार कधी दहा तारखेला, कधी पंचवीस. मॅचच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येणारी फर्स्ट इलेव्हनची यादी, ज्यात नाव नसलं तर का नाही हे कुणी सांगत नाही. घरी दर रविवारी बाबांचा प्रश्न, "रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याचं काय झालं?" आणि त्या वर्षी तर सगळंच डळमळीत होतं. देशाची फुटबॉल फेडरेशन आणि आयोजक कंपनीचा करार डिसेंबर २०२५ ला संपणार होता आणि जुलैमध्ये आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचा, हंगामच थांबवल्याचं जाहीर झालं. देशातले सगळ्यात मोठे खेळाडू घरी बसून फोनची वाट बघत होते. सकाळी साडेपाचला उठून भांडुप स्टेशन गाठताना मला रोज वाटायचं, वरच्यांचीच ही गत, तर मी कशासाठी पळतोय?

प्रेरणा कमी होते ती अशी. एका मोठ्या धक्क्याने क्वचितच. आपण करतोय त्याचा आणि आपलं जे होणार त्याचा संबंध रोज थोडा थोडा तुटत जातो.

मॅडमनी इथे खोटा दिलासा दिला नाही. "उजवी बाजू मला दुरुस्त करता येणार नाही," असं स्पष्ट म्हणाल्या. पण त्यातली एक गोष्ट उचलून डावीकडे आणता येईल का, हे आम्ही बघितलं. यादीत नाव का नाही, हे विचारणं माझ्या हातात होतं. ते वाक्य आम्ही चार वेळा घोकलं, त्या कोच झाल्या आणि मी मी. दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर मी विचारलं, "सर, मी कुठे कमी पडतोय? दोन गोष्टी सांगाल का?" सर सरावाचे कोन गोळा करत होते. थांबले आणि म्हणाले, "दोन नाही, एकच. चेंडू मिळाला की तू मागे पास देतोस. तुला पुढे वळताना मी तीन महिन्यांत बघितलं नाही. वळलास की खेळवतो." इतकंच होतं. रात्री छताकडे बघत मी त्याची किती कारणं रचली होती! त्यांना मी आवडत नाही, नवीन पोरगा आणायचाय, माझा करार संपवायचाय.

आता कापलेला गुण. सहाव्या बैठकीला मॅडम बाहेरगावी होत्या आणि त्यांच्याकडे शिकणाऱ्या एका ताईंनी माझी वेळ घेतली, तेही मला तिथे पोचल्यावर कळलं. त्यांनी आरशासमोर उभं राहून 'मी सर्वोत्तम आहे' असं रोज म्हणायला सांगितलं. घरी दोन दिवस म्हणून बघितलं आणि जास्तच खचलो, कारण तोंड एक बोलत होतं आणि गुडघ्याला दुसरंच माहीत होतं. त्या बैठकीचे पैसे कमी घ्यायला हवे होते. दुसरं म्हणजे ऑगस्टच्या मुसळधार पावसात मध्य रेल्वे बंद पडली, मी सकाळीच मेसेज केला, तरी चोवीस तास आधी कळवलं नाही म्हणून पूर्ण फी लावली आणि ती बैठक मोजली. म्हणजे दहा म्हणायच्या, हातात पडल्या नऊच. मुंबईत पावसाळ्यात हा नियम लावणं बरोबर नाही, हे मी तिथेही सांगितलं. घरी भरायचे तक्ते इंग्रजीत आहेत. माझे मॅडमनी हाताने मराठीत लिहून दिले, पण प्रत्येकाला ते मागायचं सुचणार नाही.

कुणी जावं? दुखापतीतून परत आलेल्यांनी नक्की. बेंचवर बसून बसून ज्यांना मॅचच्या दिवशीही उठावंसं वाटत नाही, त्यांनीही. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर आधी मानसोपचार डॉक्टरांकडे जा. मॅडम स्वतः पहिल्या बैठकीत हे विचारतात आणि गरज असेल तर तिकडे पाठवतात. स्पेनचा फुटबॉलपटू इनिएस्ता २००९ मध्ये मित्र आणि फुटबॉलपटू दानी हार्के गेल्यावर नैराश्यात गेला होता आणि त्याने मदत घेतली, हे त्याने स्वतः जगासमोर सांगितलंय. पुढच्याच वर्षी वर्ल्ड कप फायनलचा गोल त्याच्या पायातून आला आणि जर्सी काढून त्याने आतल्या बनियनवरचं त्याच मित्राचं नाव दाखवलं.

शेवटच्या बैठकीत तोच १२ प्रश्नांचा कागद पुन्हा भरला. ७१ आले. नोव्हेंबरमध्ये बांद्र्याला नेव्हिल डिसूझा मैदानावर आमची मॅच होती. ज्यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले, त्या मुंबईकराच्या नावाचं मैदान. सरांनी मला साठाव्या मिनिटाला उतरवलं. डावीकडून क्रॉस आला, मी वेळेवर उठलो, डिफेंडरचा खांदा लागला, हेडर बारवरून गेला. मी उजव्या पायावर उतरलो आणि धावत मागे आलो. आपण उजव्या पायावर उतरलो, हे मला घरी जाताना ट्रेनमध्ये आठवलं.

वेळ संध्याकाळी ४ ते ८, सोमवारी बंद. सराव संध्याकाळी असेल तर शनिवार सकाळची वेळ मागून घ्या, देतात. तक्ते मराठीत हवेत हे पहिल्याच दिवशी सांगा. आणि जुने बूट टाकून देऊ नका, त्या मागतील.